बाईसाहेबांचं गोडं तेल

ज्या वर्षी भाऊच्या मुलीचं लग्न दोनदा ठरलं आणि एकदाच झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. नवरा दोन्ही वेळा तोच होता. पहिल्या वेळी त्याला कावीळ झाली, म्हणून जानेवारीचं लग्न मे महिन्यावर गेलं आणि लग्नाच्या धावपळीसाठी भाऊनं राखून ठेवलेले दिवस एकदम रिकामे पडले. ते रिकामे पडले नसते तर त्यानं घोडीकडे इतकं निरखून बघितलंच नसतं. रोज दिसणाऱ्याकडे माणूस कशाला बघतो?

भाऊ म्हणजे बग्गीवाला. स्टेशनावरून माणसं घ्यायची, तळ्याला एक फेरी मारायची आणि परत स्टेशनावर आणून सोडायची, हे काम तो एकतीस वर्षं करत होता. वय अठ्ठावन्न, मिशा पांढऱ्या, आवाज भारदस्त. सगळा रस्ता त्याला भाऊ म्हणे. एकटी त्याची थोरली बहीण अक्का त्याला बाळ म्हणे, आणि तेही घरात नव्हे, भर स्टेशनासमोर, गिऱ्हाईक बग्गीत चढत असताना. "बाळ, जेवणाचा डबा विसरलास." गिऱ्हाईक आधी भाऊच्या मिशांकडे बघे, मग इकडेतिकडे बाळ शोधे.

अक्काचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊची बायको त्यानंतर गेली, तेव्हा अक्का दोन पिशव्या घेऊन भावाकडे राहायला आली आणि मग ते घर तिचंच झालं. घर म्हणजे दोन खोल्या, मागं फरशीचं अंगण आणि अंगणापलीकडं तबेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तबेल्याचं दार समोरच दिसे. भाऊला वाचता येतं आणि अक्काला समजतं, अशी त्या घरात कामाची वाटणी होती.

तबेल्यात एकच घोडी. रंगानं करडी, वयानं चोवीस, नाव बाईसाहेब. हे नाव तिला कोणी मुद्दाम दिलेलं नव्हतं. ती बादलीतलं पाणी आधी हुंगायची, मग मान वळवून कोणी आणलंय ते बघायची, आणि त्यानंतरच प्यायची. त्यावरून ते आपोआप पडलं. बारा वर्षांपूर्वी तिनं अक्काच्या खांद्याला कडकडून चावा घेतला होता. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. अक्का अंगणातून कपडे काढायला गेली की घोडी तोंड फिरवी, आणि घोडीनं तोंड फिरवलेलं अक्काला दिसू नये म्हणून अक्का आधीच फिरवी.

तर त्या जानेवारीत भाऊला दिसलं की बाईसाहेबांच्या बरगड्या वर आल्या आहेत. केस लांब, राठ आणि मळकट झाले होते, तरी त्यांच्याखालून बरगड्या हाताला सरळ लागत होत्या. गव्हाणीखाली चघळून टाकलेल्या गवताचे ओले गोळे पडलेले असत. तोंडात घास जात होता, चघळला जात होता आणि तसाच बाहेर येत होता.

यात काळजीचं कारण होतं ते बारा मार्च. दरवर्षी त्या तारखेला नगरपालिकेचा तपासनीस शहरातले सगळे घोडे बघायचा. जो घोडा पास होईल त्याच्या पितळी बिल्ल्यावर नव्या वर्षाचा ठोका पडे. ज्याच्या बरगड्या निघाल्या, त्याचा बिल्ला जागेवर काढून घेत. आणि बिल्ल्याशिवाय घोडा शहराच्या हद्दीत ठेवायचा नाही, मग तो बग्गीला जुंपा नाहीतर नुसता अंगणात बांधा. तो नगरपालिकेच्या कोंडवाड्यात जाई आणि तिथून लिलावात. लिलावातून पुढं म्हातारे घोडे कुठं जातात, हे बग्गीवाले एकमेकांना विचारत नसत. सगळ्यांना माहीत होतं.

भाऊ अक्काला एवढंच म्हणाला, "ती इथं मरायला हवी. आपल्या जागेवर."

"मरू दे की," अक्का म्हणाली. "मी कुठं धरून ठेवलंय?"

भाऊनं घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून आल्या, बाईसाहेबांच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला, आणि हात शाबूत बाहेर काढून म्हणाल्या, "दाढा झिजल्यात. गवत चावता येत नाही तिला, म्हणून अंगाला लागत नाही. भरडा आणि कोंडा भिजवून मऊ करून द्या, आणि त्यातून तेल द्या. थोड्यात जास्त ताकद मिळते." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला, भाऊच्या हातात दिला आणि अडलेली गाय बघायला पळाल्या.

भाऊनं कागद उजेडात धरून मोठ्यानं वाचला. "वृद्ध घोड्यांस खाद्यातून वनस्पती तेल द्यावे. प्रमाण क्रमाक्रमाने वाढवावे."

"काय द्यावे?" अक्कानं खिडकीतून विचारलं.

"वनस्पती तेल."

"म्हणजे वनस्पती."

"पुढं तेल लिहिलंय, अक्का."

"वनस्पती म्हणजे वनस्पती. वाण्याकडं पिवळ्या डब्यात मिळतं, पांढरं, घट्ट. डब्यावर लिहिलेलं असतं एवढं मोठं. तू वाचत नाहीस का डबे?"

"ते तुपासारखं असतं. इथं तेल म्हटलंय."

"वितळवल्यावर काय होतं त्याचं?"

भाऊनं विचार केला. वितळवल्यावर त्याचं तेलच होत होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिवळा डबा आणला, पाव वाटी वनस्पती कढईत वितळवलं, ते भिजवलेल्या कोंड्यावर ओतलं आणि घमेलं उचलून अंगण ओलांडलं. अंगण दहा पावलांचं होतं, पण थंडी जानेवारीची होती. तबेल्यात पोचेपर्यंत वर पांढरा पापुद्रा धरला. बाईसाहेबांनी नाक खुपसलं, वर काढलं आणि भाऊकडं बघत उभ्या राहिल्या. वरच्या ओठावर पांढरा थर गोठला होता. दोघांच्या मिशा एकसारख्या दिसत होत्या.

तिनं त्या कोंड्याला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भाऊ घमेलं पोत्यात गुंडाळून पळत नेऊ लागला, मग कढईच तबेल्यात नेऊ लागला. घोडी हुंगे, मान वळवून कोणी आणलंय ते बघे आणि गव्हाणीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राही. असे सात दिवस गेले. आधी निदान साधा कोंडा तरी पोटात जात होता, आता तोही जाईना.

"उपास घडवतोयस तू तिला," अक्का म्हणाली.

"वनस्पती तू सांगितलंस!"

"मी कागदात काय ते सांगितलं. कागद तुझा. गेला तुझा कागद तेल लावत."

आठव्या दिवशी भाऊच्या मुलीनं कपाटातून स्वतःची बाटली आणून पुढं ठेवली. लग्नासाठी घेऊन ठेवलेलं ते केसांचं तेल होतं. लग्न चार महिने लांब गेल्यामुळे बाटली नुसती पडून होती. "बाबा, हे वाचा. 'बावीस वनस्पतींपासून बनवलेले तेल.' वनस्पती पण आहे आणि तेल पण आहे."

भाऊनं दोनदा वाचलं. दोन्ही शब्द होते, हव्या त्या क्रमानं होते. बावीस वनस्पती म्हणजे एका वनस्पतीपेक्षा बऱ्याच जास्त. त्यानं पाव वाटी मोजून कोंड्यात घातलं. बाईसाहेबांनी लांबूनच नाक फेंदारलं आणि शिंकायला सुरुवात केली. अकरा शिंका झाल्या. तबेल्यात पुढचे चार दिवस असा वास राहिला की लग्न तिथंच लागलं असावं.

मग मात्र भाऊ सरळ डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेला. तपासणीला सात आठवडे राहिले होते. बाई एका बोकडाच्या पायाला पट्टी बांधत होत्या. भाऊनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, पिवळा डबा, गोठलेली मिशी, बावीस वनस्पती. बाईंनी पट्टीची गाठ मारली.

"भाऊ, वनस्पती म्हणजे झाडापासून मिळालेलं. चरबी नव्हे, एवढाच अर्थ. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, जवसाचं, घरात असेल ते."

"म्हणजे गोडं तेल?"

"गोडं तेल."

"भाजीचं?"

"भाजीचं."

"मग तसं लिहावं की, बाई! गोडं तेल म्हणून लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं."

"कागद वरून छापून येतो. वरचे लोक भाजी करत नसावेत," बाई म्हणाल्या, आणि पेननं 'वनस्पती' खोडून वर 'गोडं' लिहून दिलं. "आता नीट ऐका. पहिले चार दिवस दिवसाला पाव वाटी. मग अर्धी. मग पाऊण. दर चार दिवसांनी एवढंच वाढवायचं, दोन वाट्यांपर्यंत. घाई करायची नाही. घोड्याच्या आतड्याला तेलाची सवय नसते, त्याला शिकायला वेळ लागतो. एकदम दिलंत तर ढाळ लागेल आणि आहे तेही अंग जाईल. तेल ताजं हवं, खवट नको. कळलं?"

"कळलं."

"परत सांगा बरं."

भाऊनं परत सांगितलं. बोकडानंही ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून सूर्यफुलाच्या तेलाचा डबा घरात आला. भाऊनं स्टीलची एक वाटी वेगळी काढली, आणि तबेल्याच्या दारावर आतल्या बाजूनं खडूनं रेघा ओढू लागला. पाव वाटीचे चार दिवस, अर्धीचे चार दिवस. रोज सकाळी बग्गी जुंपायच्या आधी कोंडा आणि भरडा गरम पाण्यात भिजवायचा, वरून तेल, हातानं कालवायचं. बाईसाहेबांनी पहिल्या सकाळी हुंगलं, मान वळवली, भाऊला बघितलं आणि खाल्लं. घमेलं चाटूनपुसून साफ केलं. भाऊ तिथंच उकिडवा बसून राहिला आणि त्या दिवशीची सकाळची गाडी त्याच्या हातून गेली.

अक्काला हे काही पटलेलं नव्हतं, म्हणजे तसं ती बोलून दाखवत होती. "माणसाच्या भाजीला फोडणी चमच्यानं, आणि घोडीला वाटीनं. पुढच्या जन्मी मला खूर असू देत." किंवा, "चावणाऱ्याला तेल, आणि चावून घेणाऱ्याला कोरडी भाकरी." भाऊ मुकाट्यानं ऐके. भाकरी कोरडी नव्हती, पण तो मुद्दा काढण्यात अर्थ नव्हता.

पाऊण वाटीला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी बाईसाहेबांना ढाळ लागला.

भाऊ तबेला धुता धुता हिशेब आठवून बघत होता. आपण घाई केली का? एखाद्या दिवशी वाटी जास्त भरली का? दारावरच्या रेघा त्यानं बोट लावून मोजल्या. रेघा बरोबर होत्या. तेल हुंगून बघितलं, ताजं होतं. अक्का खिडकीत उभी होती आणि एका शब्दानं बोलत नव्हती, हे तर त्याहून वाईट होतं. तिचं तोंड बंद असणं भाऊला सहन होत नसे. त्यानं तेल बंद केलं. चार दिवसांत बाईसाहेबांनी मिळवलेलं सगळं गमावलं आणि वर थोडं आणखी. तपासणीला पाच आठवडे उरले होते.

डॉक्टरीणबाई आल्या. घोडीच्या पोटाला कान लावून ऐकलं, पापण्या उलटून बघितल्या.

"किती देत होता?"

"पाऊण वाटी," भाऊ म्हणाला. "रेघा बघा दारावर."

"पाऊण वाटीनं असं होत नाही, भाऊ. नीट आठवा."

"पाऊणच, बाई! मुलीची शपथ."

"दीड," मागून आवाज आला.

दोघांनी वळून बघितलं. अक्का तबेल्याच्या दारात उभी होती. गेल्या बारा वर्षांत भाऊनं तिला त्या दाराशी बघितलं नव्हतं.

"पाऊण," भाऊ म्हणाला.

"तुझी पाऊण," अक्का म्हणाली, "आणि माझी पाऊण."

 बाईसाहेबांनी तेवढ्यात तोंड फिरवलं.

"कधी?" भाऊनं विचारलं.

"दुपारी. तू घरी येऊन बग्गीच्या बैठकीवर झोपतोस तेव्हा."

"कशाला पण?"

"मला वाटलं तू विसरशील."

"रोज? रोज विसरीन मी?"

"लहानपणापासून विसरतोस. डबा कोण आणून देतं स्टेशनावर?"

"अगं, पण तू तर म्हणत होतीस, माणसाला फोडणी चमच्यानं—"

"म्हणत होते. म्हणायला काय जातं?"

डॉक्टरीणबाईंनी बुटाला लागलेलं शेण दाराच्या चौकटीला पुसलं. "तुमच्या दोघांचं हे भांडण घोडीच्या आतड्यात चाललंय," त्या म्हणाल्या. "दोन दिवस काही नाही. मग पुन्हा पाव वाटीपासून. आणि देणारा माणूस एक. कोण ते आत्ताच ठरवा."

"मी देते," अक्का म्हणाली. "याची वाटी काठोकाठ भरत नाही. बघितलंय मी."

आणि तसं ठरलं. भाऊनं दारावरच्या जुन्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या, आणि नव्या रेघा अक्का ओढू लागली. तिच्या रेघा तिरक्या होत्या, पण एकही चुकली नाही. घमेलं ठेवताना ती घोडीकडं बघत नसे. ठेवायची, दोन पावलं मागं सरायची आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. घोडी खाऊन होईपर्यंत हलत मात्र नसे. या सगळ्यात दोघींचं बोलणं बंदच होतं.

फेब्रुवारी सरता सरता फरक दिसायला लागला. वाटी पूर्ण झाली, मग सव्वा झाली. मांड्या भरल्या, पाठीचा कणा मावळला. आणि कातडी! हिवाळ्याचे राठ केस गळून गेले आणि खालून अशी तकाकी वर आली की स्टेशनावरचे हमाल थांबून बघू लागले. भाऊनं खरारा फिरवला की हात घसरे. चोवीस वर्षांची घोडी नव्या कपाटासारखी चमकत होती.

नेमकी तीच अडचण झाली, पण ते बारा मार्चला कळलं.

तपासणी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात होती. सकाळचं कोवळं ऊन आडवं पडलं होतं. अकरा घोडे ओळीत उभे. अक्का कधी तपासणीला येत नसे, त्या दिवशी आली. "वाटी कुणाची आहे?" एवढंच म्हणाली, आणि बग्गीत चढून बसली.

शेजारी टोपीवाला बग्गीवाला आपलं खेचर-घोडं जे काही होतं ते धरून उभा होता. त्याच्या घोड्याच्या अंगावर बोटभर लांब केस, केसांत महिन्याची धूळ. त्याखाली बरगड्या होत्या की नव्हत्या, ते त्या घोड्यालाच माहीत.

"काय भाऊ," टोपीवाला म्हणाला, "घोडी आणलीत की आरसा?"

"घोडी."

"नाही, म्हटलं दाढी राहिलीय, उरकून घ्यावी समोर उभं राहून."

भाऊ हसला नाही. त्याला आत्ताच दिसलं होतं. आडव्या उन्हात बाईसाहेबांच्या गुळगुळीत अंगावर उजेड घरंगळत होता, आणि जिथं जिथं बरगडी होती तिथं उजेडाची एक बारीक रेघ उमटत होती. अंगावर मांस आलं होतं, पण म्हातारी ती म्हातारी. जाड केसांत झाकून गेलं असतं ते तकाकीनं उघडं पाडलं होतं. चार रेघा. घरी तबेल्याच्या अंधारात त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

तपासनीस सर्दी झालेला माणूस होता. एका हातात फळीवर लावलेले कागद, दुसऱ्या हातात रुमाल. घोड्यापासून दहा पावलांवर उभा राही, नजर फिरवी, नाक पुसे, लिही. टोपीवाल्याच्या घोड्याकडं बघून त्यानं झरझर लिहिलं आणि शिपायानं बिल्ल्यावर ठोका मारला. मग तो बाईसाहेबांसमोर आला. रुमाल नाकाशीच थांबला.

"एक, दोन, तीन, चार," तपासनीस म्हणाला. "वय?"

"चोवीस," भाऊ म्हणाला. "साहेब, ती हिवाळ्यात—"

"चार दिसतात." त्यानं शिपायाकडं बघितलं. शिपायानं खिशातून पक्कड काढली. बिल्ला पक्कडीनं निघत असे.

भाऊनं बिल्ल्यावर हात ठेवला. 

"साहेब," अक्का बग्गीतून उतरत म्हणाली, "त्या कागदावर काय विचारलंय?"

"तुम्ही कोण?"

"मी हिला खायला घालते. काय विचारलंय? बाळ, वाच जरा."

भाऊनं मान लांबवून वाचलं. कागद उलटा होता, तरी वाचला. "'बरगड्या जाणवतात का.'"

"दिसतात का, असं नाही?"

"नाही. जाणवतात का."

"मग साहेब," अक्का म्हणाली, "दहा पावलांवरून तुम्हाला काय जाणवलं?"

"बाई, मी वीस वर्षं असंच तपासतोय."

"असाल. माझ्या कमरेत सकाळपासून कळ जाणवतेय. तुम्हाला दिसते का?"

टोपीवाला खोकला. ओळीतल्या बाकीच्या बग्गीवाल्यांनी माना वाकवल्या. तपासनीसानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. शब्द तोच राहिला.

"म्हणजे हात लावून बघायचं?"

"जाणवायचं तर लावायलाच हवा."

तपासनीस पुढं सरकला. बाईसाहेबांनी कान मागं पाडले. भाऊला त्याचा अर्थ माहीत होता, तपासनीसालाही असावा, कारण तो जागीच थांबला. चावणाऱ्या घोड्याचा बिल्ला तर बरगड्या न बघताच जात असे.

तेव्हा अक्का पुढं झाली आणि घोडी आणि तपासनीस यांच्या मधोमध उभी राहिली. तिनं घोडीचा लगाम दोन्ही बाजूंनी धरला आणि तिचं तोंड ओढून आपल्या खांद्यावर ठेवलं. त्याच खांद्यावर.

"गप उभी राहा, भवाने," अक्का म्हणाली.

बारा वर्षांत ती घोडीशी बोललेली ही पहिली गोष्ट होती. बाईसाहेबांचे कान जरा वेळ मागंच राहिले. मग एक पुढं आला. मग दुसरा.

तपासनीसानं हात लांबवून तळवा बरगड्यांवर ठेवला. पुढून मागं नेला. बोटं दाबली. पुन्हा नेला.  तपासनीसानं मग रुमालाची कोरडी बाजू काढली आणि घोडीच्या पाठीवरून एकदा ओढली. तपासणीच्या आदल्या दिवशी घोड्याला तेल चोपडून आणणारे त्यानं पुष्कळ बघितले असावेत. रुमाल त्यानं उजेडात धरला.

"तेल लावलेलं नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती.

"खाल्लेलं आहे," अक्का म्हणाली.

तपासनीसानं कागदावर वाकून लिहिलं. भाऊनं उलटंच वाचलं. 'जाणवतात का' याच्यापुढं लिहिलं होतं, 'विशेष नाही.' शिपायानं पक्कड खिशात टाकली आणि हातोडी घेतली. ठोका पडला.

घरी येताना तळ्याच्या वळणावर अक्का म्हणाली, "खांद्यावर लाळ गळलीय हिची." आणि जरा पुढं गेल्यावर, "पण चावली नाही." भाऊनं लगाम सैल सोडला. घोडीला रस्ता माहीत होता.

त्यानंतर वाटी दोनला नेऊन तिथंच ठेवली. दारावरच्या रेघा अक्कानं बंद केल्या, कारण आता मोजायचं काही उरलं नव्हतं. दुपारी भाऊ बग्गीवर झोपला की तबेल्यातून तिच्या बोलण्याचा आवाज येई. बहुतेक शिव्या असत. बारा वर्षांचं साचलेलं होतं, ते एका उन्हाळ्यात संपणारं नव्हतं. कधी ती स्वयंपाकघरातून हाक मारून भाऊला सांगे, "बाळ, ती मघापासून दाराकडं बघतेय, कोंड्याला पाणी गरम कर." भाऊ पाणी गरम करी. मे महिन्यात मुलीचं लग्न झालं. नवरा कावीळ होऊन गेलेला, तरी अंगानं बरा दिसत होता. अक्कानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि मुलीला बाजूला घेऊन म्हणाली की वरणात तेल जरा जास्त घालत जा, पण एकदम नको. पावसाळ्यात घोडीला थोडा खोकला झाला तो बरा झाला. वेगळं म्हणावं असं काहीच त्या वर्षी घडलं नाही. घोडी स्टेशनाच्या फेऱ्या दिवसाला दोनच करी, त्याही हळू. घाईचं गिऱ्हाईक असलं तर भाऊ त्याला सरळ टोपीवाल्याकडं पाठवी.

बाईसाहेब पुढच्या वर्षी अठ्ठावीस जानेवारीला, मंगळवारी, सकाळी नऊ वाजता आपल्या जागेवर मेली. सकाळचं घमेलं तिनं अर्धं खाल्लं होतं. आज बग्गी येणार नाही हे सांगायला भाऊ पायीच स्टेशनावर गेला होता. अक्का तिच्याजवळ होती.